कोथरूडमधील एका घरगुती उद्योगातील बाळांचा खाऊ : काय विकत घ्यावे आणि काय घेऊ नये

पुण्यातल्या कोणत्याही मोठ्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर हल्ली उकडीच्या मोदकांच्या आणि दिवाळीच्या फराळाच्या जोडीने बाळांच्या खाऊच्या जाहिराती बारा महिने येत असतात. मोड आलेल्या नाचणीचे पीठ, खिचडीची भरड, सुक्या मेव्याची पूड, खजुराचे लाडू, दात येणाऱ्या बाळांसाठी कांड्या अशी साधारण एकच यादी सगळीकडे असते आणि तिच्यावर ‘शंभर टक्के घरगुती’ असा शिक्का मारलेला असतो. एप्रिल २०२४ मध्ये ‘पब्लिक आय’ या स्वित्झर्लंडमधील संस्थेने एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या, भारतात विकल्या जाणाऱ्या बाळांच्या तयार लापशीत जादा साखर घातलेली असते हे उघड केल्यानंतर तर हा शिक्का पाहून पालक निर्धास्त होऊ लागले. माझी मुलगी सात महिन्यांची असल्यापासून, म्हणजे आता दीड वर्षाची होईपर्यंत, आमच्याकडे डहाणूकर कॉलनीतील एका काकूंच्या राहत्या घरातून चालणाऱ्या अशाच उद्योगाचा खाऊ येत आहे. त्यांच्या यादीतला जवळजवळ प्रत्येक पदार्थ आम्ही आणून पाहिला आहे.

काकूंचे किंवा त्यांच्या उद्योगाचे नाव मी देत नाही. त्याचे एक कारण कायद्याशी संबंधित असल्याने ते पुढे योग्य जागी येईल. दुसरे असे की, कर्वेनगरपासून वाकडपर्यंत असे कितीतरी उद्योग आहेत आणि त्यांचा माल एकमेकांशी इतका मिळताजुळता आहे की, वाचकाला आपल्या घराजवळच्या उद्योगाचा खाऊ पारखण्यासाठीही हे परीक्षण वापरता यावे. माझे मत मात्र आधीच सांगते. ज्या पदार्थांमागे भिजवणे, मोड आणणे, वाळवणे, भाजणे आणि दळणे असे वेळखाऊ कष्ट आहेत, ते इथून जरूर घ्यावेत. ज्यांत निव्वळ गोडी आणि सोय आहे, त्यांच्यासाठी पैसे मोडू नयेत, आणि एक पदार्थ तर फुकट मिळाला तरी बाळाच्या हाती देऊ नये.

यादीत पहिल्या क्रमांकावर मोड आलेल्या नाचणीचे पीठ आहे आणि ते तिथे असायलाच हवे. काकू नाचणी तीन-चार पाण्यांतून निवडून धुतात, रात्रभर भिजवतात, सुती फडक्यात बांधून मोड आणतात, मोड बारीक दिसू लागले की सावलीत वाळवतात, मंद आचेवर भाजतात आणि घरच्या चक्कीवर दळून वस्त्रगाळ करतात. नोकरी करणाऱ्या आईबापांना ही सगळी कामे एकामागून एक जमणे अवघड असते, आणि ती अर्धवट केली तर नाचणीला मोडाऐवजी आंबूस वास येतो. आमच्या सासूबाई मूळच्या रत्नागिरीच्या असल्याने त्यांचा हात नाचणीच्या सत्त्वावर बसलेला आहे. त्यांनी पाकीट उघडून चिमूटभर पीठ तळहातावर घासले आणि “हे सत्त्व नाही गं, हे पीठ आहे,” असा निकाल दिला. तो बरोबरच आहे. सत्त्वासाठी भिजलेली नाचणी वाटून, फडक्यातून तिचे दूध गाळून, खाली बसलेला साका वाळवतात. त्यामुळे ते पचायला अगदी हलके होते, परंतु कोंडा चोथ्याबरोबर फेकला जातो आणि नाचणीतील कॅल्शियमचा बराचसा वाटा तर त्या सालीतच असतो. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, जे पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास असते, म्हणून नाचणी द्यायचीच तर तिची साल शक्य तितकी पोटात जावी असे मला वाटते. सासूबाईंना हे अजून पटलेले नाही. सहा-सात महिन्यांच्या बाळाला पहिल्या काही दिवसांत सत्त्वच बरे, हे त्यांचे म्हणणे मलाही मान्य आहे; पण आठव्या-नवव्या महिन्यानंतर हे पीठच उजवे ठरते.

मोड आणण्याचा खरा फायदा पातेल्यात दिसतो. किराणा दुकानातून आणलेले नाचणीचे साधे पीठ आणि काकूंचे पीठ, प्रत्येकी दोन चमचे, एकेक वाटी पाण्यात गुठळ्या मोडून मी शेजारीशेजारी शिजवले. साध्या पिठाची खीर निवताना इतकी घट्ट झाली की तिच्यात चमचा उभा राहू लागला आणि पातळ करण्यासाठी तिच्यात आणखी पाणी घालावे लागले. काकूंच्या पिठाची खीर निवल्यावरही चमच्यावरून सलग धारेने पडत होती. मोड येताना धान्यात अमायलेज हे विकर (एन्झाइम) तयार होते आणि खीर तापत असताना ते पिष्टाची मोठी साखळी तोडत जाते, म्हणून ती आळत नाही. बाळाचे पोट लहान असल्याने पाणी वाढवून पातळ केलेल्या खिरीने ते भरते, परंतु अंगी फारसे काही लागत नाही. मोडाच्या पिठाची खीर मात्र पीठ थोडे जास्त घालूनही गिळता येण्याजोगी राहते आणि तेवढ्याच वाटीत अन्न अधिक जाते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात बाळांच्या आहारासाठी याच गुणधर्मावर संशोधन झाले होते. म्हणूनच ‘मोड आलेले’ असे पाकिटावर छापणाऱ्या प्रत्येक पिठाची अशी एकदा परीक्षा घ्यावी. खीर आळून थिजली, तर मोड पुरते आले नव्हते किंवा धान्य फार कडक भाजले गेले, असे खुशाल समजावे. एका प्रदर्शनातून आणलेले, दिसायला फार देखणे पाकीट याच परीक्षेत नापास झाले होते.

या पिठाबद्दल तक्रार आहे ती त्याच्या जाहिरातीबद्दल. काकूंच्या पत्रकावर नाचणीला ‘लोहाचा खजिना’ म्हटले आहे. कॅल्शियमबाबत कितीही कौतुक केले तरी चालेल, पण शंभर ग्रॅम नाचणीत लोह साधारण चार-पाच मिलिग्रॅम असते. बाळाच्या वाटीत पीठ पडते पंधरा-वीस ग्रॅम, आणि धान्यातील लोहाचा थोडाच भाग शरीर शोषून घेते. मोड आल्याने, लोहाला बांधून ठेवणारे धान्यातले फायटेट कमी होऊन ते शोषण काहीसे सुधारते हे खरे असले, तरी खजिना म्हणण्याइतके नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे या वयोगटातील सुमारे ६७ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. अशा देशात पालकांनी एक वाटी नाचणीवर विसंबून राहावे असे काहीही पाकिटावर लिहू नये. डाळ, हिरव्या पालेभाज्या, घरात चालत असेल तर अंडे आणि मासे, आणि त्यांच्या जोडीला लिंबाचे दोन थेंब किंवा आवळा, हे सारे लागतेच.

दुसरी तक्रार पावसाळ्यातली आहे. श्रावणातल्या एका पाकिटाला उघडताच किंचित कुबट वास आला. मोड आलेले धान्य नीट वाळले नाही तर त्याला बुरशी लागण्याची भीती असते, आणि बुरशीचे विष शिजवून जातेच असे नाही, म्हणून मी ते वापरलेच नाही. काकूंनी वाद न घालता पैसे परत केले आणि सलग पावसामुळे त्या वेळी धान्य पंख्याखाली वाळवले होते, हेही मोकळेपणाने सांगितले. पुढच्या खेपेपासून त्यांनी वाळवण्याचे छोटे विजेचे यंत्र घेतले आहे. तरीही आषाढ-श्रावणात कोणाकडूनही मोडाचे पीठ घेताना ते कसे वाळवले हे विचारावे, सर्वांत लहान पाकीट घ्यावे आणि घरी आल्यावर ते काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे.

नाचणीच्या खालोखाल मला आवडला तो पदार्थ कोणत्याही पोस्टरवर झळकत नाही. काकू बाळांसाठी वेगळे मेतकूट करतात, त्यात मिरची नाही, मीठ नाही आणि सुंठ नावापुरती. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, थोडे गहू, मेथी, जिरे आणि हळद हे सर्व वेगवेगळे भाजलेले असते, आणि ते वेगवेगळे भाजले आहे हे जिभेला लगेच कळते, कारण उडीद कच्चा लागत नाही आणि मेथी जळकी लागत नाही. गुरगुट्या भात, घरचे तूप आणि हे मेतकूट एवढ्यावर आमच्या घरी कितीतरी संध्याकाळी निभावल्या आहेत. बाजारातील नेहमीच्या मेतकुटात मीठ-तिखट असते आणि वर्षाच्या आतील बाळाला वरून मीठ घालायचे नसते, म्हणून हा फरक महत्त्वाचा ठरतो. एकच उणीव अशी की, घटकांच्या यादीत ‘हिंग’ एवढेच लिहिलेले होते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बांधणीच्या हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते. मेतकुटात गहू आधीच असल्याने इथे त्याने काही बिघडत नाही, पण तोच हिंग खिचडीच्या भरडीतही पडतो आणि तिथे यादीत गहू नाही. गव्हाची ॲलर्जी असलेल्या बाळाच्या आईला हे कळायचे कसे? काकूंना हे सांगितल्यावर त्यांनी पुढच्या पाकिटांवर ‘हिंगात गव्हाचे पीठ असते’ अशी ओळ स्वतःच्या हाताने लिहिली.

खिचडीची भरड म्हणजे धुऊन वाळवलेले तांदूळ आणि मुगाची डाळ जिरे-ओव्यासह भाजून काढलेला रवा. चव चांगली असते, पंधरा मिनिटांत शिजते आणि प्रवासात फार उपयोगी पडते. घरी असताना मात्र मी ती वापरत नाही, कारण कुकरमध्ये आपल्या भाताशेजारी एका वाटीत डाळ-तांदूळ लावले तर तेवढ्याच वेळात ताजी खिचडी होते, ती पळीने घोटता येते, आणि डाळ किती घ्यायची हे आपल्या हातात राहते. भरडीच्या पाकिटावर डाळ-तांदळाचे प्रमाण दिलेले नाही. रंगावरून आणि आळण्यावरून मला तांदूळ बराच जास्त वाटला.

ज्वारीच्या लाह्यांच्या पिठाचे मात्र मनापासून कौतुक करायला हवे. अख्ख्या लाह्या लहान मुलांच्या हाती देऊ नयेत, त्यांचे पापुद्रे घशाला चिकटतात आणि दाणा श्वासनलिकेत जाऊ शकतो. काकू त्या बारीक दळून, चाळून देतात. हे पीठ शिजवावे लागत नाही, ताकात किंवा कोमट वरणाच्या पाण्यात कालवले की झाले. पुणे-मुंबई प्रवासात घाट अडला की गाडीत बसल्या बसल्या बाळाचे जेवण उरकणारे याच्याइतके निरुपद्रवी अन्न मला दुसरे माहीत नाही. वर्ष उलटलेल्या मुलांसाठी बिनतिखटाची थालीपीठाची भाजणीही त्या करतात. तिच्यात किसलेली काकडी किंवा दुधी घालून तळहाताएवढी मऊ थालीपिठे लावावीत आणि वर लोण्याचा गोळा द्यावा. माझी मुलगी ती स्वतःच्या हाताने तोडून खाते आणि निम्मी जमिनीवर टाकते, त्याचा दोष भाजणीला देता येणार नाही.

आता ज्यासाठी पैसे मोडू नयेत, त्याकडे वळते.

सुक्या मेव्याची पूड हा या यादीतील सर्वांत महागडा पदार्थ आहे. बदाम, काजू, पिस्ते, अक्रोड, थोडा खारकेचा चुरा आणि वर केशर-जायफळ असे तिचे रूप आहे. तिच्यात वाईट काही नाही, पण ती पूड करायला मिक्सरला दोन मिनिटे लागतात, आणि एकदा दळलेला मेवा अख्ख्या मेव्यापेक्षा फार लवकर खवट होतो. दोनशे ग्रॅमचे पाकीट संपेपर्यंत शेवटच्या चमच्यांना अक्रोडाचा कडवट वास येऊ लागतो. त्याहून मोठी अडचण अशी की, बाळाला नवा पदार्थ देताना एका वेळी एकच द्यावा आणि दोन-तीन दिवस अंगावर पुरळ, उलटी, सूज असे काही होते का हे पाहावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. चार प्रकारचा मेवा एकत्र दळलेल्या पुडीने त्रास झाला, तर तो कशाने झाला हे शोधायचे कसे? भवानी पेठेतील किंवा मंडईतील दुकानातून पावशेर बदाम आणावेत, आठवड्यापुरते दळावेत आणि बाळाला ते मानवले की पुढचा मेवा आणावा. केशराने बाळाला काही मिळत नाही, पाकिटाची किंमत मात्र वाढते.

खजुराचे लाडू, गुळाची नाचणी-बिस्किटे आणि खारकेची बर्फी यांच्यावर ठळक अक्षरांत ‘साखर नाही’ असे छापलेले असते. पांढरी साखर नाही, हे खरे आहे. पण गूळ म्हणजे बहुतांश साखरच, आणि त्याच्यातले लोह-खनिजे मोजायला गेलो तर बाळाला परवडणार नाही इतका गूळ खावा लागेल. खजुराच्या वजनाचाही निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो. अख्खे फळ म्हणून त्याला मी गुळाच्या पंक्तीला बसवणार नाही, परंतु लाडवात तो दाबून बसवलेला आणि चिकट असतो, आणि नुकत्या आलेल्या दातांना तो बराच वेळ धरून राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या पूरक आहारविषयक मार्गदर्शनात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांना जास्त साखर आणि जास्त मीठ असलेले पदार्थ देऊ नयेत असे सांगितले आहे, आणि त्यात घरी केलेल्या पदार्थांना सवलत दिलेली नाही. मोठ्यांच्या तोंडाला हे लाडू उत्तम लागतात, आमच्याकडे ते चहाच्या वेळी संपले. परंतु एकदा त्या गोडीची चटक लागली की, उकडलेल्या भोपळ्याकडे मूल ढुंकून पाहत नाही. हे मी भाच्याच्या बाबतीत जवळून पाहिले आहे. लाडवाच्या डब्यावर ‘सहा महिन्यांपासून’ असे लिहिलेले पाहून तर मी चकितच झाले. दोन वर्षांनंतर, सणावारी, एखादा, एवढीच त्याची जागा आहे. एका गोष्टीचे श्रेय मात्र द्यायला हवे. मध घातलेल्या बिस्किटांवर ‘एक वर्षाखालील बाळांना देऊ नये’ अशी सूचना काकूंनी ठळक छापली आहे. मधात बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि ते भट्टीतही तगून राहू शकतात, ही माहिती अनेक मोठ्या घरांतही नसते, आणि बाळाच्या जिभेला मध लावण्याची हौस तर अजून सर्रास दिसते.

ज्या पदार्थाबद्दल मी सुरुवातीला बजावले, तो म्हणजे दात येणाऱ्या बाळांसाठीच्या नाचणीच्या कांड्या. बोटाएवढ्या लांब, गव्हाच्या आणि नाचणीच्या पिठात तूप-गूळ घालून कडक भाजलेल्या या कांड्या बाळाच्या मुठीत छान बसतात, आणि पोस्टरवर तर त्या फारच गोंडस दिसतात. मी एक कांडी घेऊन स्वतः चावली. ती विरघळली नाही, वाकली नाही, कट्‌ असा आवाज करून तुटली आणि तिचा नखाएवढा टोकदार तुकडा तोंडात राहिला. दुसरी कांडी कोमट पाण्यात टाकून पाहिली, तर बराच वेळ तिचे आतले अंग टणकच राहिले. पुढचे चार दात आलेले बाळ तुकडा तोडू शकते, पण दळायला दाढा लागतात आणि पहिल्या दाढा साधारण वर्ष उलटल्यावर येऊ लागतात. मधल्या काळात असा तोडलेला तुकडा थेट घशाशी जातो. मी पाकीट परत द्यायला गेले तेव्हा काकूंशी झालेला संवाद असा होता.

“काकू, हे तुम्ही स्वतः चावून पाहिलंत का?”

“अगं, मी कशाने चावू? माझी कवळी आहे!” त्या मनापासून हसल्या. मग म्हणाल्या, “पण सगळ्या जणी मागतात गं. नाही ठेवल्या तर दुसरीकडून घेतात.”

त्यांचे म्हणणे व्यवहाराच्या दृष्टीने खोटे नाही, आणि म्हणूनच हे मागणाऱ्यांना उद्देशून लिहीत आहे. बाळाच्या हाती द्यायचा कोणताही पदार्थ अंगठा आणि तर्जनीत धरून दाबावा. सहज चेचला गेला तरच द्यावा. उकडलेल्या गाजराची किंवा रताळ्याची लांबट फोड, पिकलेल्या केळ्याचा उभा काप, मऊ इडलीची पट्टी हे सगळे या कसोटीला उतरते आणि त्यासाठी कोणाला ऑर्डर द्यावी लागत नाही. हिरड्या शिवशिवत असतील तर फ्रिजमध्ये गार केलेले स्वच्छ ओले फडके चावायला द्यावे. तुपात परतलेल्या अख्ख्या मखान्यांनाही हेच लागू आहे. मखान्याची पूड खिरीत घालावी, अख्खे मखाने, शेंगदाणे, फुटाणे आणि अख्खी द्राक्षे लहान मुलांपासून दूरच ठेवावीत. आणि काहीही खाताना मूल बसलेले असावे, पळत नसावे, आणि समोर कोणीतरी मोठे माणूस असावे.

आता पाकिटाविषयी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी नोंदणी क्रमांक काकूंच्या पाकिटावर आहे आणि ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या ॲपवर मी तो तपासून पाहिला, तो चालू आहे. पुष्कळ घरगुती विक्रेत्यांकडे एवढेही नसते. मात्र या क्रमांकाचा अर्थ उद्योगाची नोंद झालेली आहे इतकाच होतो, प्रत्येक पाकीट तपासले गेले असा होत नाही. तयार केल्याची तारीख मार्कर पेनने लिहिलेली असते आणि ती तुपकट बोट लागले की पुसली जाते, हे ताबडतोब सुधारायला हवे. ‘महिनाभरात संपवावे’ ही मुदत नाचणीसाठी योग्य आहे, मेव्याच्या पुडीसाठी जास्त आहे. कृतीत सरसकट ‘दुधात शिजवावे’ असे लिहिले आहे. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी वर्षाच्या आत गाईचे दूध मुख्य पेय म्हणून देऊ नका असे सांगितले होते, त्यामुळे आम्ही खीर पाण्यात शिजवून, निवल्यावर तिच्यात आईचे दूध मिसळत असू. पाकिटावर हा पर्याय एका ओळीत लिहिता येण्यासारखा आहे.

आणि पाकिटावर एका गुबगुबीत बाळाचे छायाचित्र आहे. शिशुदुग्धपर्याय, दुधाच्या बाटल्या आणि शिशुअन्न यांच्याविषयीचा १९९२ चा कायदा, जो २००३ मध्ये दुरुस्तीने अधिक कडक झाला, तो दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नाची जाहिरात करू देत नाही आणि त्याच्या वेष्टनावर बाळाचे किंवा स्त्रीचे चित्र छापू देत नाही. हा कायदा आला तो डबाबंद पावडरी विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांना आवर घालण्यासाठी, पण घरगुती उद्योगाला त्यातून वगळल्याचे मला कुठे आढळले नाही. मी काकूंना हे सांगितले तेव्हा त्यांना ते पूर्णपणे नवीन होते. चित्र काढून टाकण्याचे त्यांनी कबूल केले आहे, जुनी पाकिटे संपेपर्यंत ते दिसेल. मी नाव लिहीत नाही त्याचे पहिले कारण हेच. दोन वर्षांखालील बाळांच्या अन्नाची नावानिशी शिफारस आणि जाहिरात यांतले अंतर फार थोडे आहे.

किमतीबाबत थोडक्यात. नाचणीचे पीठ पाव किलोला १४० रुपये पडते. किराणा दुकानात नाचणी ६०-७० रुपये किलो असताना हा दर आठपटीच्या घरात जातो, पण एका वाटीला पंधरा-वीस ग्रॅम पीठ लागते, म्हणजे एक वेळची खीर दहा रुपयांच्या आसपास पडते, आणि त्यामागचे भिजवण्या-वाळवण्याचे श्रम पाहता मला तो दर रास्त वाटतो. मेतकूट दोनशे ग्रॅमला १२० रुपये, तेही रास्त. मेव्याची पूड दोनशे ग्रॅमला ४८० रुपये, हे पटत नाही. लाडू डझनाला ३६० रुपये, ते ज्याचे त्याने ठरवावे.

ऑर्डर रविवारी रात्रीपर्यंत संदेश पाठवून द्यावी लागते आणि माल बुधवारी-गुरुवारी तयार होतो. शिल्लक माल विकायचा नाही, मागणीएवढेच दळायचे, हा काकूंचा नियम मला त्यांच्या साऱ्या पोस्टरांपेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो. घरपोच देणारा मुलगा कोथरूड-कर्वेनगरपलीकडे जात नाही. बाणेर-औंधच्या लोकांना खाजगी डिलिव्हरीचे वेगळे पैसे मोजावे लागतात, आणि पाव किलो पिठासाठी ते परवडत नाहीत, म्हणून दोघी-तिघींनी मिळून मागवावे. दिवाळीच्या आधीचे दोन-तीन आठवडे काकू चकली-चिवड्याच्या ऑर्डरींत गुंतलेल्या असतात आणि तेव्हा बाळांचा खाऊ पूर्ण बंद असतो, त्यामुळे नाचणी आणि मेतकूट दसऱ्याच्या सुमारास सांगून ठेवावे.